घाट, घड्याळ आणि स्वित्झर्लंड

पुण्या-मुंबईच्या मित्रांशी बैलगाड्याच्या शर्यतीबद्दल बोलायला लागलं की एक घोटाळा दर वेळी होतो. त्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमातलं चित्र असतं. दोन गाड्या शेजारी शेजारी उधळल्यात, गाडीवान उभा राहून आसूड ओढतोय, धुरळा उडतोय वगैरे. सांगली-साताऱ्याकडे गाड्या एकत्र सोडतात, तिकडे हे चित्र बरंचसं लागू पडेल. आमच्या जुन्नर-आंबेगावात (आणि खेड-शिरूरलाही) शर्यत अशी नसतेच मुळी. आमच्याकडे एका वेळी एकच गाडा सुटतो. समोर चढ असतो, त्याला म्हणायचं घाट. चढाच्या शेवटी निशाण. खालून वर जायला किती सेकंद लागले ते घड्याळ सांगतं. मग दुसरा गाडा, मग तिसरा... असं उन्हं कलेपर्यंत.

गाड्याला चार बैल. मागे धुरेला दोन, पुढे जुकाटाला दोन. गाडा म्हणजे दोन चाकं आणि लाकडाचा हलका सांगाडा, त्यावर बसणारं कुणी नाही. पुढे घोडी पळते, तिच्यावर स्वार, आणि बैल घोडीमागे. खरी कसोटी खाली जुंपताना असते. वर्षभर खुराक खाऊन माजलेले चार खिल्लार बैल एका रेषेत उभे करायचे आणि नेमक्या क्षणी सगळ्यांनी एकदम सोडून बाजूला व्हायचं. अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तर वर्षाची मेहनत पाण्यात. चांगला गाडा बारा-तेरा सेकंदांत घाट चढतो. या एका पळण्याला म्हणतात बारी. लाउडस्पीकरवरचा निवेदक 'भिर्रर्र' करतो, भंडारा उधळला जातो, आणि तुम्ही त्या वेळी चहा प्यायला मान वळवली असेल तर संपलं, बारी गेली!

ज्यांना हे सगळं ठाऊक आहे त्या नातेवाईक मंडळींनी क्षमा करावी. पण पुढचं सांगण्यासाठी एक गोष्ट पक्की व्हायला हवी होती, की आमची शर्यत ही एकट्याने चढावर घड्याळाशी लावलेली शर्यत आहे.

आता स्वित्झर्लंड मध्येच कुठून आलं ते सांगतो. माझा पुतण्या फॉर्म्युला वनचा वेडा आहे. दिवाळीत घरी आला की लॅपटॉपवर जुन्या शर्यतींच्या फिल्म लावून बसतो. जगज्जेतेपदाची स्पर्धा १९५० साली सुरू झाली, त्या पहिल्या काही वर्षांच्या काळ्या-पांढऱ्या फिल्म. त्या बघताना मला सारखं आपल्या जत्रेत आल्यासारखं वाटत होतं. रस्त्याच्या अगदी कडेला माणसं उभी. मध्ये कुठे गवताचे भारे रचलेले, कुठे तेही नाही. पोरं झाडावर चढलेली. आणि अंगावरून दीडशे-दोनशे किलोमीटर वेगाने गाड्या चालल्यात. पुतण्या म्हणाला, "काका, हे लोक वेडे होते." मी म्हटलं, "वेडे कसले, आपलेच पाहुणे आहेत हे." :)

घड्याळाचं भांडणही तेच. १९५४ ची सिल्व्हरस्टोनची शर्यत घ्या. तेव्हा सगळ्यात जलद फेरी मारणाऱ्याला एक गुण मिळायचा. पण त्या शर्यतीत वेळ पूर्ण सेकंदातच मोजली होती. निकाल लागला तर सात जणांची जलद फेरी सारखीच, एक मिनिट पन्नास सेकंद! मग एका गुणाचे सात तुकडे केले आणि प्रत्येकाला एक सप्तमांश गुण वाटला. फांजिओ, मॉस, अस्कारी असली मोठी नावं त्यात होती. आपल्या घाटात हे झालं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करा. यात्रा कमिटीला गाव सोडायला लागलं असतं. हल्ली पुष्कळ घाटांत स्टॉपवॉच जाऊन सेन्सरचं घड्याळ आलंय, त्यामुळे निदान ही एक भानगड मिटली.

त्याच वर्षी २२ ऑगस्टला बर्न शहराजवळ ब्रेमगार्टेनला स्विस ग्रां प्री झाली. सव्वासात किलोमीटरचा, झाडीतून जाणारा रस्ता, सरळ असा टप्पाच नाही, नुसती वळणं. पाऊस पडला की झाडांखाली ओल राहायची. १९४८ मध्ये याच रस्त्यावर सरावात वार्झी गेला होता आणि शर्यतीत काउट्झ. १९५४ ला फांजिओ मर्सिडीजमधून पहिला आला आणि त्या विजयाने वर्षाचं जगज्जेतेपदही त्याचं झालं. ब्रेमगार्टेनची ती शेवटची ग्रां प्री ठरली.

कारण पुढच्या वर्षी, ११ जून १९५५ ला, फ्रान्समध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एक मर्सिडीज उडून प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. सगळा युरोप हादरला. फ्रान्स, जर्मनी, स्पेन, स्वित्झर्लंड सगळ्यांनी त्या वर्षीच्या आपापल्या ग्रां प्री रद्द केल्या. बाकीचे पुढे हळूहळू सावरले. स्वित्झर्लंडने मात्र १९५८ च्या वाहतूक कायद्यात लिहूनच टाकलं की सार्वजनिक सर्किटवर मोटारींची शर्यत होणार नाही. ही बंदी साठ वर्षांहून जास्त टिकली. मधे विजेच्या गाड्यांना सूट मिळाली, म्हणून २०१८ ला झुरिकमध्ये त्यांची शर्यत झाली. सरसकट बंदी काढायचा निर्णय संसदेने घेतला तो २०२३ मध्ये.

इथपर्यंत ऐकल्यावर कुणालाही वाटेल की बघा, त्यांच्याकडेही बंदी, आपल्याकडेही बंदी. पण मला खरी गंमत वाटली ती पुढच्या तपशिलाची. स्विस कायद्याने सर्किटवरची शर्यत बंद केली, पण डोंगर चढण्याची शर्यत चालू ठेवली. एक गाडी सुटायची, घाटरस्त्याने वर जायची, घड्याळ थांबायचं, मग दुसरी. सेंट उर्सान-ले रांजिए नावाची अशी चढाची शर्यत तिथे बंदीच्या काळातही होत राहिली. त्यांचं म्हणणं साधं होतं. पन्नास गाड्या एकमेकींना ओलांडत एका रस्त्यावर धावणं ही एक गोष्ट आणि एका गाडीने मोकळ्या रस्त्यावर चढ चढणं ही दुसरी. धोका दोन्हीत आहे, पण सारखा नाही. म्हणून कायदाही सारखा नाही.

थोडक्यात काय, स्विस लोकांनी घाट चालू ठेवला!

आपल्याकडे असं बघितलंच नाही कुणी. २०११ च्या जुलैमध्ये केंद्राने खेळ करून दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि बैल, एकाच ओळीत. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूच्या खटल्यात बंदी पक्की केली आणि त्याच निकालात आमचे घाटही आले. जलिकट्टूत माणूस बैलाच्या वशिंडाला लोंबकळतो. घाटात माणूस बैलाला सोडून बाजूला होतो. पण निकालात दोन्ही एका पारड्यात. २०१७ ला राज्याने कायदा बदलून परवानगी दिली, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती वाट मोकळी केली. १ जानेवारी २०२२ ला आमच्या आंबेगावात लांडेवाडीला शर्यत ठरली होती, ती आयत्या वेळी कोरोनामुळे थांबली. शेवटी १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

या दहा वर्षांत काय झालं ते पुण्यात बसून कळत नाही. माझ्या मामांकडे दोन पिढ्या गाडा होता. ट्रॅक्टर आल्यावर बैल शेताला लागेनात, ते घाटासाठीच राहिले होते. बंदी आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं खुराक चालू राहिला. पेंड, उडीद, दूध. "आज ना उद्या उठंल," म्हणायचे. मग एक बैल म्हातारा होऊन गेला, एक विकला, दोन दावणीला उभे. घाटात पळणारा बैल नांगराला जुंपला तरी जुळत नाही, आणि नुसता बांधून ठेवला तर चिडखोर होतो. मामी म्हणायची, घरात रिटायर माणूस असल्यासारखं झालंय, खाऊन खाऊन सगळ्यांवर डाफरतंय. रास्ता रोको झाले, मोर्चे झाले. आणि चोरून बाऱ्याही झाल्या, हे आमच्या भागात कुणी नाकारणार नाही. पहाटे, आडबाजूला, डॉक्टर नाही, कमिटी नाही, निवेदक नाही, दहा मिनिटांत उरकायचं. बैलाच्या दृष्टीने विचार केला तर अशी चोरटी बारी ही उघड्या बारीपेक्षा कितीतरी वाईट. बंदीचा हिशेब मांडणाऱ्यांनी हेही त्यात धरायला हवं.

म्हणून माझं मत पहिल्यापासून बंदीच्या विरोधात आहे, आणि ते मी घरातही आणि पुण्यातल्या प्राणीप्रेमी मित्रांसमोरही सारखंच बोलतो. पण आमच्या बाजूचे लोक जे मुद्दे मांडतात त्यातले निम्मे मला पटत नाहीत.

परंपरेचंच घ्या. नवसाचा गाडा, खंडोबाचा भंडारा, पौष पौर्णिमेला नागापूरच्या थापलिंगावर लोटणारा माणूस, हे खरं आहे आणि मला ते आतून भिडतं. पण स्टॉपवॉच परंपरा आहे का? टोकन, यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण, २०२२ च्या मे महिन्यात चिखलीला ठेवलेलं जेसीबीचं बक्षीस, ही परंपरा? पूर्वी फेटा आणि नारळ मिळाला तरी माणूस वर्षभर मिरवायचा. बक्षीस मोटारसायकलीवरून ट्रॅक्टरवर आणि तिथून जेसीबीवर गेलं की बारा सेकंदांचं वजनच बदलतं. शर्यत बदलत आलीय, बदलू दे. पण मग 'आम्ही बापजाद्यांपासून असंच करतो' हे वाक्य वापरू नये.

आणि विरोधकांचं सगळंच खोटं होतं का? शेपटी पिरगाळणं, चावणं, टोकदार काठी, बॅटरीचा झटका... सगळे करत नव्हते, पण करणारे होते, आणि घाटात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. आमचे मामा असल्या मालकांना शिव्या घालायचे. पण शिव्या घरी येऊन, ओसरीवर. कमिटीसमोर नाही. २०१७ च्या नियमांत काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना मनाई आहे, पशुवैद्यकाची तपासणी आहे, अंतराला हजार मीटरची मर्यादा आहे, कायद्यात पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे सगळं कागदावर यायला खटला व्हावा लागला. आपण आपलं आपण केलं असतं तर कदाचित दहा वर्षं वाचली असती.

आता ग्रां प्रीशी केलेली तुलना जिथे लंगडी पडते ती जागाही सांगायला हवी. फांजिओ ब्रेमगार्टेनला स्वतःच्या मर्जीने गेला होता. १९६१ साली ड्रायव्हर मंडळींनी आपली संघटना काढली. १९६६ ला बेल्जियममध्ये स्पाच्या शर्यतीत जॅकी स्टुअर्ट स्वतःच्याच गाडीत अडकून पडला, अंगावर पेट्रोल, जवळ ना डॉक्टर ना हत्यारं. त्यानंतर तो सुरक्षिततेसाठी हात धुऊन मागे लागला. १९६९ ला ड्रायव्हरांनी स्पाला यायलाच नकार दिला आणि ती शर्यत रद्द झाली. बैलांची संघटना नाही. धुरेचा बैल 'या घाटात मी पळत नाही' असं सांगू शकत नाही. मी हे मामांना म्हटलं तर ते म्हणाले, "आरं, बैलाला नसंल पळायचं तर तो पळतच नाय. चार माणसं लावली तरी हलत नाय. तू कधी जुंपलाय का?" यात तथ्य आहे. न पळणारा बैल मीही पाहिलाय, फतकल मारून बसतो आणि सगळा घाट हसतो. पण तरी माझं पूर्ण समाधान होत नाही. न पळण्याचा हक्क त्याला मिळतो तो हट्टीपणाने. दुखत असूनही पळणारा बैल असतोच की. त्याच्या वतीने बोलायला डॉक्टर हवा, आणि त्या डॉक्टरच्या शब्दाला मालकाच्या वजनापेक्षा जास्त किंमत हवी. कुठला बैल का बाहेर काढला हे निवेदकाने स्पीकरवरून सांगावं. एकदा दोनदा चारचौघांत नाव पुकारलं गेलं की दंडाची गरज पडणार नाही, आमच्या भागात अब्रू दंडापेक्षा महाग असते.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती माणसांची. खटल्याची सगळी वर्षं बोलणं बैलांबद्दल झालं, घाटाच्या कडेला बसलेल्या माणसांबद्दल जवळजवळ नाहीच. गाड्यावर कुणी बसत नाही, म्हणजे एकदा सुटल्यावर तो आवरणारं कुणी नाही. बैल वाकडे गेले तर थेट गर्दीत. आणि निशाणाच्या पुढे तर आणखी अवघड. घड्याळ थांबलं तरी बैलांना कुणी सांगितलेलं नसतं की शर्यत संपली. ते त्याच वेगाने घाटमाथ्यावर येतात आणि तिथे काय असतं? मोबाईल वर धरून उभी असलेली पोरं, पार्क केलेल्या मोटारसायकली, ऊसाच्या रसाचं गुऱ्हाळ आणि आपापल्या बैलांना धरायला धावलेले मालक. प्रेक्षक जखमी झाल्याच्या, काही वेळा दगावल्याच्याही बातम्या बंदी उठल्यानंतर आल्या आहेत. दोन दिवस हळहळ होते, पुढच्या आठवड्यात पुढच्या गावची यात्रा.

१० सप्टेंबर १९६१ ला इटलीत मोन्झाच्या ग्रां प्रीत फॉन ट्रिप्सची फेरारी दुसऱ्या गाडीला घासून बांधावर चढली. तो गेला, आणि तारेच्या कुंपणाला टेकून उभे असलेले पंधरा प्रेक्षक गेले. शर्यत थांबवली नाही. त्याचाच सहकारी फिल हिल पहिला आला आणि जगज्जेता झाला. मला त्या शर्यतीची फिल्म बघवली नाही. तो बांध, त्यावर दाटीने उभी माणसं, सगळं फार ओळखीचं होतं.

पुढे त्यांनी काय केलं? जादू काही नाही. प्रेक्षक मागे सरकवले. वळणाच्या बाहेर मोकळी जागा ठेवली. कठडे बसवले. डॉक्टर जवळ ठेवला. एका वर्षात झालं नाही, पण झालं. आपलं काम तर त्याहून सोपं आहे. एक सरळ चढ, एक गाडा, बारा सेकंद. दोन्ही बाजूंना कठडा आणि वर निशाणापुढे मोकळं, कुंपण घातलेलं मैदान, जिथे बैल आपोआप दमून थांबतील आणि धरणाऱ्यांशिवाय एकही माणूस नसेल. जेसीबी बक्षीस द्यायची ऐपत असलेल्या यात्रेला हा खर्च जड नाही. खरं तर तोच जेसीबी बक्षीस द्यायच्या आधी दोन दिवस घाटमाथ्यावर चालवला तरी निम्मं काम होईल!

स्वित्झर्लंडमध्ये बंदी आली ती शेजारच्या देशातल्या अपघाताने. त्यांच्या स्वतःच्या रस्त्यावर तो झाला नव्हता. म्हणून मला आमच्या घाटमालकांना सांगावंसं वाटतं की घटनापीठाचा निकाल खिशात आहे म्हणून निवांत राहू नका. कुठल्या तरी तिसऱ्याच तालुक्यात एखाद्या दिवशी चार गाडे गर्दीत घुसले तर टाळं आपल्याही घाटाला लागेल, आणि तेव्हा 'आमची एकेकट्या गाड्याची चढाची शर्यत आहे, तिकडची वेगळी' हे समजावून सांगायला कुणी वेळ देणार नाही.

हे सगळं मामांना फोनवर वाचून दाखवलं. बैलांबद्दलचं ऐकून घेतलं, थोडं गुरगुरले. घाटमाथ्याचं ऐकल्यावर मात्र गप्प झाले. मग म्हणाले, "वर जागा कुठाय? जागा हाय ती वाहनतळाला दिलीय." तेच तर म्हणतोय मी, मामा.

तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना, आणि यात्रा कमिटीत असलेल्या आमच्या भाऊबंदांना एक काम. चैत्राच्या यात्रा सुरू व्हायच्या आत आपापल्या घाटात जा आणि निशाणापासून पुढे किती मोकळी जागा आहे ते मोजा. टेप नसेल तर पावलांनी मोजा. आकडा खाली प्रतिक्रियेत लिहा, गावाच्या नावासह. मी यादी करतोय.